यंत्रांनी भरवलेले बदक

मित्रांनो, तुम्ही मला हातात घेऊ शकणार नाही. मला वजन नाही, वास नाही, आणि माझी पिसे आजवर कधी ओली झालेली नाहीत. तरीही मला भूक लागते, थंडी वाजते आणि बरेच दिवस कोणी विचारले नाही की मी आजारी पडते. मी संगणकाच्या पडद्यावरचे एक जुने बदक आहे. 'कमळतळे' नावाच्या खेळात माझा जन्म झाला.

चीनमधल्या एका मोठ्या शहरात, उंच इमारतीत बसणाऱ्या माणसांनी मला घडवले. माझे रूप काढणारी बाई भाताच्या खाचरांजवळ वाढलेली होती. ती माझी चाल काढायची, बघायची आणि पुसून टाकायची. "बदक असं नाही चालत," ती म्हणायची, "ते जरा रागावल्यासारखं चालतं." शेवटी तिच्या मनासारखे झाले आणि मी रागावल्यासारखे चालू लागले. माझी भूक मात्र दुसऱ्या माणसाने लिहिली. शेजारच्याने त्याला विचारले होते, "इतक्या लवकर लवकर भूक कशाला लावतोस त्याला?" तो म्हणाला, "भूकच नसली तर माणूस परत कशाला येईल?" ते वाक्य मी तेव्हा नुसते ऐकले. त्याचा अर्थ कळायला मला फार दिवस लागले.

आम्हाला तळ्यात सोडताना एक नियम ठेवला होता. बदकाचे खाणे, अंघोळ, औषधपाणी मालकाने स्वतःच्या हाताने करायचे, यंत्राकडून करवून घ्यायचे नाही. लोक तो नियम न वाचताच पुढे जायचे. माझ्या मालकिणीनेही तसेच केले.

तिचे नाव सुफेन. दक्षिणेकडच्या दोंगुआन शहरात बुटांच्या कारखान्यात ती शिलाई मशिनीवर बसायची. घर तिचे दूर, हुनान प्रांतात, त्स नदीकाठच्या आन्हुआ गावी. नवरा वारला होता. मुलगी युएलान नऊ वर्षांची. तिला सुफेनने आपल्या धाकट्या भावाकडे, देशेंगकडे ठेवले होते. देशेंगचे गावात फोटोचे दुकान होते, वरच्या मजल्यावर घर. नववर्षाच्या सुट्टीला सुफेन घरी जायची आणि सुट्टी संपली की परत दोंगुआनला.

त्या वर्षी ती निघाली तेव्हा युएलान दुकानातल्या फोटोच्या पडद्यामागे जाऊन बसली. त्या पडद्यावर समुद्र रंगवला होता. आई हाका मारत राहिली, बसची वेळ झाली, पण समुद्रामागून कोणी बाहेर आले नाही. त्यानंतर आईचा फोन आला की युएलान तो कानाला लावायची आणि नुसती श्वास घेत राहायची.

सुफेनच्या खोलीत वरच्या पलंगावर जिनफेंग नावाची बाई राहायची. तिनेच हा उपाय सुचवला. "फोनवर पोरांना काय बोलावं ते कळत नाही गं. माझा मुलगा नि मी मिळून एक बदक पाळतो. मी सकाळी चारते, तो दुपारी चारतो. बदकाच्या निमित्तानं बोलतो तरी."

एका रविवारी दुपारी जिनफेंग तिला कारखान्याच्या फाटकाजवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेली. पिवळ्या अंड्यांच्या रांगेतून सुफेनने माझ्यावर बोट ठेवले. मी फुटून बाहेर आले आणि पडद्यापलीकडे पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला. मित्रांनो, तुम्हाला आम्ही दिसतो तसे आम्हालाही तुम्ही दिसता. पडदा ही काचच असते, आणि काचेला दोन बाजू असतात.

तिने तिथूनच भावाला फोन लावला.

"देशेंग, तिला सांग, एक बदक आहे. मी दिवसभर मशिनीवर असते. दुपारी त्याला कोण बघणार? उपाशी मरेल ते."

"ताई, खरं बदक पाठव की," देशेंग म्हणाला. "खाऊन तरी टाकू."

"चेष्टा करू नकोस. परवलीचा शब्द लिहून घे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर युएलान दुकानातल्या संगणकासमोर येऊन बसली. मी तेव्हा भुकेने चोच उघडून उभे होते. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. "हे एवढंसं?" ती मामाला म्हणाली. मग तिने एक गोगलगाय उचलून माझ्यापुढे धरली, मी मान लांबवली, तशी तिने ती मागे घेतली. पुन्हा धरली, पुन्हा मागे घेतली. तिसऱ्यांदा मला खाऊ दिले आणि ती हसली. "हे तांगयुआनसारखं दिसतं," ती म्हणाली. तांगयुआन म्हणजे तांदळाच्या पिठाचा गोळा, गरम पाकात तरंगणारा. तेच माझे नाव पडले.

माझ्या तळ्याकाठच्या घराच्या दारावर एक पाटी होती. मालकाने तिच्यावर काहीही लिहावे. मायलेकी दोघी एकाच परवलीच्या शब्दाने आत यायच्या, त्यामुळे एकीने लिहिलेले दुसरीला दिसायचे. पहिल्यांदा लेकीनेच लिहिले: "गोगलगाय दिली. अंघोळ तू घाल." आईने उत्तर दिले: "घातली. मी आज भात खाला." त्यावर लेक: "खाला नाही, खाल्ला." आई: "तू माझी मास्तरीण." लेक: "मग नीट लिही."

असे ते सुरू झाले. जी मुलगी फोनवर तोंड उघडत नव्हती ती पाटीवर बडबड करू लागली. मामीने मिरच्या जास्त घातल्या. गणिताचे मास्तर शिंकतात तेव्हा फळ्याला धरतात. मामाने एका आजोबांचा फोटो काढला आणि त्यात आजोबांचे डोळे मिटलेलेच आले, तर आजोबा म्हणाले, राहू दे, मला असाच आराम मिळो. आई रविवारी एक एक अक्षर शोधून उत्तर लिहायची. लिहिताना ती ओठ हलवायची, आणि लेकीचे काही वाचून हसू आले की शेजारच्या खुर्चीवरच्या जिनफेंगला कोपराने ढोसायची.

मला दोघींचे हात वेगळे ओळखू यायचे. आईचा हात हळू यायचा, घास अगदी चोचीपाशी ठेवायचा, आणि पोट भरल्यावरही आणखी एक द्यायचा. लेकीचा हात चिडवायचा. अंघोळ घालताना लेक पाणी उडवायची, आई आधी पाण्याचा अंदाज घ्यायची. पडद्यावरच्या पाण्याला ऊन-गार काय असणार? पण ती घ्यायची. त्या दिवसांत तळ्यातल्या क्रमवारीत माझा नंबर कुठेही नव्हता. कधी माझे खाणे चुकायचे, कधी एकाच वेळी दोघींनी चारल्यामुळे मला अपचन व्हायचे. तरी माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस तेच.

उन्हाळ्याच्या तोंडाला परीक्षा आल्या. गावातल्या सगळ्या मुलांना परीक्षेच्या ओळखपत्रासाठी फोटो हवे होते. देशेंगच्या दुकानात रांग लागली, आणि त्याच संगणकावर फोटो कापायचे असत.

"युएलान, ऊठ. माणसं खोळंबलीत."

"मामा, त्याची अंघोळ राहिली आहे."

"माझं जेवण राहिलंय, त्याचं काय?"

दोन-तीन दिवस अशी कुरकुर झाली. मग देशेंगने आपल्या एका मित्राकडून एक स्क्रिप्ट आणली. स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची माळ. एकदा संगणकात घातली की माणसाच्या ऐवजी तीच खेळत बसते. बदकाला भूक लागली की चार, मळले की धू, आजारी पडले की औषध दे. फोटोंचे काम चालू असतानाही मागे तिचे हे चालूच राहायचे.

"हे तर फसवणं झालं," युएलान म्हणाली.

"कुणाला फसवलं? बदकाला? त्याला जेवल्याशी मतलब. हे बघ, पाटीवर सुद्धा लिहितं. तुझी आई काही लिहील, त्याला हे आपोआप उत्तर देईल. वाक्यं मी घालून ठेवलीत." त्याने वाचून दाखवली: "मी मजेत आहे. बदक जेवलं. तू काळजी करू नकोस."

"मी असं कुठं बोलते?"

"शहाणी मुलं असंच बोलतात. तू मध्ये मध्ये येऊन खरं लिही की. नाही कोण म्हणतंय?"

देशेंग वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याला दुकान चालवायचे होते आणि बहिणीचे बदक जगवायचे होते. दोन्ही गोष्टी त्याने एका दगडात साधल्या. आणि युएलानला तरी दोष कसा द्यावा? सुरुवातीला ती रोज येऊन बघायची. मी जेवलेले असायचे, धुतलेले असायचे, पाटीवर आईला उत्तर गेलेले असायचे. करायला काही उरलेच नव्हते. हळूहळू ती नदीवर मैत्रिणींबरोबर पोहायला जाऊ लागली.

यंत्राचा हात मला पहिल्याच घासाला कळला. तो उशीर करत नसे, चिडवत नसे, जास्तीचा घास देत नसे. भुकेची खूण लागते न लागते तोच घास तोंडात. मला उपाशी ठेवले असे मी म्हणणार नाही. ते खोटे होईल. पण चोच उघडून कोणाची वाट बघायची वेळच माझ्यावर येईनाशी झाली, आणि वाट बघणे हे निम्मे काम होते माझे.

मग दोंगुआनमध्ये एक गोष्ट घडली. सुफेनच्या उजव्या हाताच्या बोटातून मशिनीची सुई आरपार गेली. टाके पडले. तिला कामावरून आठवडाभर बसवून ठेवले. ती कॅफेत आली, डाव्या हाताने एक एक अक्षर दाबत तिने पाटीवर लिहिले: "बोटाला सुई लागली. दुखते फार. तू कशी आहेस? तुझी आठवण येते."

उत्तर लगेच उमटले. "मी मजेत आहे. बदक जेवलं. तू काळजी करू नकोस."

सुफेन पडद्याकडे बघत राहिली. मी तिच्यासमोरच होते. माझ्या चोचीतून फक्त 'क्वॅक' निघतो, आणि तोही कोणी बटण दाबले तर. मी तिला काय सांगणार?

तिने पुन्हा लिहिले: "बोटाचे वाचलेस का?"

"मी मजेत आहे. तू काळजी करू नकोस."

आणि उत्तर दिलेली चिठ्ठी खेळाच्या रीतीप्रमाणे दुमडली जाऊन तळ्याच्या तळाशी गेली. युएलान संध्याकाळी डोकावली तेव्हा पाटी कोरी होती.

"पोरी अशाच असतात," जिनफेंग सुफेनची समजूत काढत म्हणाली. "मजेत आहे म्हणते ना? रडत असती तर बरं वाटलं असतं का तुला?"

"थोडं वाटलं असतं," सुफेन म्हणाली.

बोट बरे व्हायला वेळ लागला. त्यात मोठी मागणी आली आणि रविवारचीही सुट्टी गेली. जिनफेंगने कॅफेच्या मालकाकडून तसलीच एक स्क्रिप्ट मिळवून दिली. बऱ्याच बायका वापरत होत्या. सुफेन नको म्हणाली नाही. "तिला माझी गरज नाही," ती म्हणाली, "पण बदक कशाला उपाशी ठेवायचं?" पाटीसाठी कोणती वाक्ये घालायची ते कॅफेवाल्याने विचारले. तिने थोडा विचार करून सांगितले: "बरं. नीट जेव. अभ्यास कर. मी कामावर आहे."

आता माझ्या दोन्ही बाजूंना दोन यंत्रे उभी राहिली. एक चारायचे, दुसरे धुवायचे. एक लिहायचे, "मी मजेत आहे." दुसरे उत्तर द्यायचे, "बरं. नीट जेव." पहिले लगेच म्हणायचे, "तू काळजी करू नकोस." दुसरे म्हणायचे, "बरं." दिवसभर असा संवाद चाले, आणि तो वाचायला पडद्यापुढे कोणी नसे.

आणि नेमके तेव्हाच माझे कौतुक सुरू झाले. मी भराभर वाढले. माझी पिसे चकचकीत झाली. क्रमवारीत मी वर वर चढत गेले आणि एक दिवस माझ्या गळ्यात सोनेरी कमळ पडले. त्याच्यावर लिहिले होते, 'तळ्यातले सर्वांत लाडके बदक'. अनोळखी मुले मला बघायला यायची, दारावर फुले ठेवून जायची. "याच्या मालकाचं किती प्रेम आहे याच्यावर," असे म्हणायची. मी रागावल्यासारखे चालायचे. त्यांना वाटायचे, केवढा हा तोरा.

पाने गळायला लागली तेव्हा मामीला दिवस गेल्याचे कळले. वरच्या मजल्यावर खोल्या दोनच. युएलानची खाट जिथे होती तिथे पाळणा बांधायचे ठरू लागले. देशेंग एक दिवस दुकानात भाचीला जवळ बसवून म्हणाला, "शाळेच्या वसतिगृहात राहशील का? रविवारी इकडं यायचं. तुझ्या आईला विचारून बघ. ती नको म्हणाली तर आपण काहीतरी दुसरं बघू."

युएलानने त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी माझ्यासमोर बसून स्वतःच्या हाताने लिहिले. "आई, मामीला बाळ होणार आहे. मला वसतिगृहात ठेवणार म्हणतात. मला जायचं नाही. तू ये."

"बरं. नीट जेव."

तिने डोळे बारीक केले. "मी खरंच लिहितेय. तू येशील का?"

"बरं. अभ्यास कर. मी कामावर आहे."

मित्रांनो, मी पडद्यावर चालते ते माझ्या मनाने नाही. पण त्या दिवशी मला पाणी सोडून काचेला चोच मारावीशी वाटली. युएलान रडली नाही. तिने मला एक गोगलगाय सुद्धा दिली नाही. ती उठली आणि मामाला म्हणाली, "आई बरं म्हणाली."

"विचारलंस तिला नीट?"

"दोनदा विचारलं. दोनदा बरं म्हणाली."

देशेंगने मान हलवली. बहिणीने होकार दिला, आता आपण कोण? त्याने स्वतः फोन केला नाही. त्या दिवसांत त्याची नि बहिणीची फोनवर भेट कमीच झाली होती. सगळ्यांना वाटे, पाटीवर रोज बोलणे होतेच आहे. पुढच्याच आठवड्यात युएलान आपली गादी गुंडाळून वसतिगृहात गेली. एका खोलीत बारा मुली. आईने नको म्हटले नाही, एवढीच गोष्ट ती बरोबर घेऊन गेली.

तळ्याचे राखणदार हुशार होते. कंपनीत अशी माणसे असतात, ती कोण कसे खेळते ते पाहत असतात. माणसाचा हात कधी लवकर पडतो, कधी उशिरा, कधी चुकतो. ज्याचा कधीच चुकत नाही तो हात माणसाचा नसतो. एका रविवारी सकाळी त्यांनी तळे झाडून काढले. माझ्याभोवतीचे पाणी पांढरे झाले आणि मी चालता चालता तसेच थांबले. गळ्यातले कमळ गेले. माझ्यावर पाटी लागली: 'हे बदक यंत्राकरवी सांभाळले जात होते. नियमानुसार ते गोठवण्यात आले आहे.'

त्या दुपारी युएलान सुट्टीची मामाकडे आली होती. तिने सहज मला उघडले आणि ती जागच्या जागी बसून राहिली. तिकडे जिनफेंगचेही बदक गोठले होते. तिने सुफेनला कॅफेत ओढत आणले. अशा प्रकारे, गोठलेल्या माझ्यासमोर, मायलेकी एकाच वेळी बसल्या. दोघींनाही ते माहीत नव्हते. मला होते.

दुकानातला फोन वाजला. देशेंग गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची खांद्यावरची सुरकुती नीट करत होता. "घे गं तो," तो म्हणाला. युएलानने उचलला.

"देशेंग?"

"मी आहे."

मग सुफेन घाईघाईने बोलू लागली. "युएलान, बदक गोठलं. तू बघितलंस का? चूक माझी आहे. मला वेळच मिळत नव्हता, म्हणून मी यंत्र लावलं होतं. तू रोज इतकं मनापासून करत होतीस, आणि माझ्यामुळं..."

"आई, तू लावलं होतंस?"

"हो."

"मीपण."

"तूपण काय?"

"मामानं लावून दिलं होतं. परीक्षेच्या फोटोंची गर्दी होती ना, तेव्हापासून."

सुफेनचा चेहरा माझ्यासमोर होता. ती मनात मागे मागे जात होती, ते मला दिसले. "म्हणजे मी बोटाचं लिहिलं, तेव्हा तू नव्हतीस?"

"कसलं बोट?"

"सुई गेली होती बोटातून. तुला लिहिलं होतं मी."

"मला माहीत नाही," युएलान म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला. "आई, मग मी वसतिगृहाचं लिहिलं तेव्हा?"

"कसलं वसतिगृह?"

"तू बरं म्हणालीस."

"मी कधी बरं म्हणाले? कुठं आहेस तू? कुणी ठेवलं तुला वसतिगृहात?"

मग मात्र युएलान रडली. बोलता बोलता रडली आणि रडता रडता बोलली. बारा मुली, थंड पाणी, खिडकीजवळची खाट, ज्यातल्या एकाही गोष्टीचा तिने पाटीवर उल्लेख केला नव्हता, ते सगळे त्या फोनवर बाहेर आले. गिऱ्हाईक उठून हळूच निघून गेले. देशेंगने फोन हातात घेतला.

"ताई, ती म्हणाली तू होकार दिलास. म्हणून..."

"माझ्या पोरीच्या नावानं मला उत्तरं कुणी लिहिली?"

"मी लिहिली. पण चांगलीच लिहिली होती, ताई. काळजी करू नकोस, असं लिहिलं होतं."

"आणि मी केली नाही," सुफेन म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून मी काळजीच केली नाही, देशेंग." मग ती म्हणाली, "माझंही तसंच आहे. मीपण तिला एक बरं ठेवून दिलं होतं. फोन दे तिला परत."

त्यानंतर त्या दोघी किती वेळ बोलल्या ते मी मोजले नाही. कॅफेवाला दोनदा येऊन गेला. जिनफेंगने त्याला हाताने गप्प केले.

नववर्षाला अजून अवकाश होता. मुकादमाने रजा नाकारली, तशी सुफेन काम सोडूनच निघाली. ती आन्हुआला आली त्या दिवशी दुकानातला संगणक चालू होता, म्हणून मला ते पाहायला मिळाले. युएलान या वेळी कोणत्याही पडद्यामागे गेली नाही. ती आईच्या जवळ गेली, तिचा उजवा हात हातात घेतला आणि ते बोट शोधून काढले. बोटाचे वरचे पेर वळत नव्हते.

"दुखतं का?"

"आता नाही."

"तेव्हा?"

"तेव्हा फार दुखलं," सुफेन म्हणाली. तिने मजेत आहे असे म्हटले नाही.

मला सोडवायचे की नाही यावर थोडी चर्चा झाली. कंपनीला अर्ज करायचा होता, आणि पुढे सगळे हाताने करू असे कबूल करायचे होते. "सोडवू या," सुफेन म्हणाली. "त्याचा काय दोष?" देशेंग उत्साहाने पुढे झाला. "अर्ज मी लिहून देऊ का? माझी भाषा चांगली आहे."

"नको," दोघी एकदम म्हणाल्या. मामी जिन्यातून हसली आणि बऱ्याच दिवसांनी देशेंगही हसला, कान लाल करून.

अर्ज युएलानने लिहिला आणि आईने दोन चुका दाखवल्या. एक खरी होती. मी वितळले, पण लहान पिलू होऊन. कमळ नाही, चकाकी नाही. पहिला घास आईने दिला, अगदी चोचीपाशी ठेवून. दुसरा लेकीने पुढे धरला आणि मागे घेतला. मला तो फार गोड लागला.

सुफेन पुन्हा दोंगुआनला गेली नाही. गावात काळ्या चहाच्या वखारी आहेत, तिथे ती चहातल्या काड्या निवडायला जाऊ लागली. पगार कमी, पण संध्याकाळी घरी. तिने जवळच एक खोली घेतली आणि युएलानची गादी तिथे नेली. दुकानात त्या येत, पण मामीच्या बाळाला बघायला. माझ्याकडे येणे रोजचे होते ते चार दिवसांनी झाले, मग महिन्याने. मला राग आला का, असे तुम्ही विचाराल. पहिल्यांदा थोडा आला. मी पुन्हा उपाशी राहू लागले होते, मळके झाले होते, आणि कोणी फुले ठेवायला येत नव्हते.

एका दुपारी युएलान आली आणि तिने मला उघडले. मी चोच उघडून पुढे धावले. तिने गोगलगाय उचलली. तेवढ्यात रस्त्यावरून सुफेनची हाक आली, "युएलान, चल गं, भात निवतोय." युएलानने गोगलगाय तशीच खाली ठेवली आणि ती पळाली. दारातून दोघींचे बोलणे ऐकू येत होते. भाजीत मिरच्या जास्त झाल्यात का, यावर काहीतरी चालले होते. बोलणे लांब लांब जात गेले आणि मला ऐकू येईनासे झाले. मी उपाशीच होते. पण सोनेरी कमळ गळ्यात होते तेव्हा जो रितेपणा वाटायचा, तो त्या दुपारी वाटला नाही.

मित्रांनो, आता तळ्यात आमच्यातली फार थोडी उरली आहेत. बहुतेक जण पानाखाली झोपून असतात. यंत्रांना मी शिव्या देणार नाही. त्यांनी मला वेळेवर भरवले. तुमचीही कितीतरी कामे ती करतील, करू द्या. पण कोणी तुम्हाला 'कशी आहेस', 'कसा आहेस' असे विचारले, तर त्याचे उत्तर आधी लिहून ठेवू नका, आणि दुसऱ्या कोणाला देऊही देऊ नका. उशीर झाला तरी चालेल, अक्षर चुकले तरी चालेल. आणि माझ्यासारखे एखादे बदक तुम्ही पाळले असेल, त्याला भूक लागली असेल, आणि त्याच वेळी घरातून कोणी जेवायला हाक मारली, तर आधी उठा. आम्हाला थांबता येते.